हँडब्रेक ओढूनही उतारावर कॅरव्हान सरकते: कारणं आणि उपाय

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वसलेल्या साताऱ्यात सपाट अंगण नशिबानेच मिळतं. गोडोली, शाहूपुरी, यवतेश्वरच्या वाटेवरची घरं, कुठेही बघा: रस्ता एका पातळीवर आणि घर दुसऱ्या. मध्ये गटारावरची फरशी आणि त्यापुढे कोब्याचा चढ. कार त्या चढावर बिनघोर उभी राहते, कॅरव्हान राहत नाही. आणि तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: "हँडब्रेक पूर्ण ओढला होता, तरी कारपासून सोडवल्याबरोबर हातभर खाली आली." कुणाची गेटला टेकते, कुणाच्या कॅरव्हानचे कोपऱ्यांतले टेकूचे मागचे पाय वाकतात. केबल बदलून, लायनर बदलून झाले तरी पुढच्या सहलीनंतर पुन्हा तेच.

इथे मी ओढायच्या कॅरव्हानबद्दल बोलतोय, म्हणजे कारच्या मागे हुकाला जोडायची, स्वतःचं इंजिन नसलेली. २०२१ साली राज्य सरकारने कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर लोकांच्या तोंडी हा शब्द रुळला. पण इंजिनवाली कॅरव्हान उतारावर लावणं म्हणजे टेम्पो लावण्यासारखंच, त्यात निराळं काही नाही.

आधी बघा, ब्रेक आहे का

हा प्रश्न विचारला की लोक रागावतात, पण विचारावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या कॅरव्हान स्थानिक वर्कशॉपमध्ये बनलेल्या असतात. उसाच्या ट्रॉल्या बांधणारा कारागीर त्याच हातांनी चेसिस बांधतो: अॅक्सल, पाटे, दांडा, हूक. काम दणकट असतं, पण ब्रेक नसतोच. काहींना हँडब्रेकचा लिव्हर असतो आणि तो एकाच चाकावर काम करतो. खाली वाकून पाहा. दांड्यापासून अॅक्सलपर्यंत सळई किंवा केबल गेलेली दिसते का? दोन्ही चाकांच्या आत ड्रम आहेत का? नसतील, तर तुमच्या कॅरव्हानला उतारावर धरणारं बाहेरून लावलेल्या पाचरीशिवाय आणि साखळीशिवाय काहीही नाही. मग खालचा ब्रेकचा भाग सोडून सरळ पाचरींवर या.

ड्रम आहेत, सळई आहे, लिव्हर आहे, आणि तरीही सरकते, असं असेल तर पुढचं नीट वाचा. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं.

तो हातभर प्रवास कुठून येतो

कॅरव्हानच्या ब्रेकला कारच्या पेडलशी जोडलेली पाइपलाइन नसते. कार ब्रेक मारते, मागची कॅरव्हान स्वतःच्या वजनाने पुढे ढकलली जाते, दांड्याच्या टोकाचा शाफ्ट आत सरकतो आणि तो सळई ओढून ड्रममधले शू फाकवतो. साधी, हुशार रचना. पण तिच्यात एक अडचण आहे. कार रिव्हर्समध्ये घातली की कार कॅरव्हानला मागे ढकलते, शाफ्ट तसाच आत जातो, आणि ब्रेक लागतो. म्हणजे रिव्हर्स घेताच येणार नाही. जुन्या कॅरव्हानला यासाठी खाली उतरून खटका अडकवावा लागे. आताच्या ब्रेकमध्ये ती सोय ड्रमच्या आतच असते: चाक उलट्या दिशेला फिरू लागलं की एक शू आपल्या आधारासकट किंचित घसरतो आणि पकड सैल होते. याला ऑटो-रिव्हर्स म्हणतात.

आता हाच ड्रम हँडब्रेकलाही वापरायचाय. चाक पुढच्या दिशेने फिरू पाहत असेल, म्हणजे कॅरव्हानचं नाक उताराकडे असेल, तर हँडब्रेक ओढल्याबरोबर पकडतो. पण शेपूट उताराकडे असेल, तर चाक उलटं फिरायला लागतं. ड्रमला वाटतं मालक रिव्हर्स घेतोय. शू सैल पडतो, कॅरव्हान खाली येते, आणि मग लिव्हरला जोडलेली स्प्रिंग किंवा गॅसचा दांडा सळई आणखी ओढून सैल पडलेली जागा भरून काढतो. तेव्हा कुठे चाक पुन्हा आवळलं जातं. एवढं होईपर्यंत पाऊण-एक फूट अंतर गेलेलं असतं. तुमचा हातभर तो हाच.

गॅरेजवाले केबल ताणून ताणून हे अंतर कमी करायला बघतात. त्याने अंतर फारसं कमी होत नाही, उलट शू कायम घासत राहतात आणि घाटात ड्रम तापतो. ब्रेकची सेटिंग करायचीच असेल तर क्रम चाकापासून सुरू होतो: चाक उचलून, ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, भोकातून शूचं अॅडजस्टर फिरवायचं, दोन्ही चाकं सारखी करायची, आणि मग शेवटी सळईचा ढिलेपणा काढायचा. लिव्हरजवळच्या नटावरून सगळं दुरुस्त करणारा माणूस काम चुकवतोय, एवढं समजा. दोन्ही केबल ज्या आडव्या पट्टीला जोडलेल्या असतात ती पट्टी सळईला काटकोनात हवी. तिरकी असेल तर एका चाकाची सेटिंग दुसऱ्यापेक्षा सैल आहे.

कॅरव्हान हातभर सरकून थांबत नसेल, सरकतच राहत असेल, तर मात्र खरा दोष आहे. सर्वांत आधी लिव्हर बघा. गॅसदांड्याचा लिव्हर जवळजवळ सरळ उभा होईपर्यंत वर जायला हवा. अर्ध्यावर ठेवला तर पुढच्या दिशेला पकडतो, उलट्या दिशेला अजिबात नाही, कारण सैल पडलेली जागा भरायला त्याच्याकडे प्रवासच उरत नाही. बायकोने ओढला की सरकते, मी ओढला की नाही, असं सांगणारे भेटतात. त्यात ताकदीचा संबंध कमी आणि लिव्हर शेवटपर्यंत नेण्याचा जास्त. लिव्हर पूर्ण वर असूनही सरकते तर शू झिजलेत, त्यांच्यावर ग्रीस उडालंय, किंवा सेटिंग सुटलंय. तिथे घरगुती उपाय नाही, ड्रम उघडा.

नाक कुठे, शेपूट कुठे

वरचं समजलं की एक निर्णय आपोआप होतो. घर रस्त्यापेक्षा उंचावर असेल तर कॅरव्हान रिव्हर्समध्ये चढवून, नाक रस्त्याकडे ठेवून लावणं ब्रेकच्या दृष्टीने बरं. हँडब्रेक मग त्याच्या जोरकस दिशेला काम करतो. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला असेल तर नेमकं उलटं.

हे सांगायला सोपं आहे. साताऱ्याच्या पेठांतल्या रस्त्यावर, मागे दोन रिक्षा हॉर्न देत असताना, कॅरव्हान रिव्हर्समध्ये चढावर घेणं म्हणजे क्लच जाळण्याचा कार्यक्रम. त्यामुळे बहुतेकांची कॅरव्हान नाक वर, शेपूट रस्त्याकडे अशीच राहणार. राहू दे. फक्त मग तो हातभर प्रवास कार जोडलेली असतानाच संपवून टाकायचा.

तो असा. कॅरव्हान हव्या त्या जागेच्या फूटभर वर न्या. कार जोडलेलीच. कॅरव्हानचा हँडब्रेक पूर्ण ओढा. मग कारचा ब्रेक हळूहळू सोडत संपूर्ण जोड फूटभर खाली येऊ द्या. ऑटो-रिव्हर्स आपला खेळ करेल, लिव्हर कधीकधी डोळ्यांदेखत आणखी वर जाईल, आणि मग कॅरव्हान खरोखर धरली जाईल. आता पाचरी घाला, चाकाला घट्ट भिडवून, दोन्ही चाकांना. त्यानंतरच कपलर, म्हणजे कारच्या हुकाच्या बॉलवर बसणारं दांड्याचं टोक, सोडवायचा.

या सगळ्यात मदतीला एक माणूस हवा, आणि तो कुठे उभा राहतो याकडे लक्ष द्या. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा मनुष्य आपल्याकडे नेहमी बरोब्बर मागे उभा असतो. उतारावर ती जागा वाईट. त्याला बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा आणि कॅरव्हानच्या वरच्या अंगाला उभं करा. पाचर लावायलाही वाकून पुढे घुसायचं नाही; बाजूने, हात लांब करून, किंवा पाचरीला लावलेल्या दांडीने सरकवायची. लहान मुलांना आणि शेजारच्या काकांना, दोघांनाही, गेटच्या आत राहायला सांगा. काका ऐकणार नाहीत, तरी सांगा.

उतार किती, जोर किती

"थोडासाच उतार आहे" हे मोजमाप नव्हे. गवंड्याची एक मीटर लेव्हलपट्टी घ्या, चढावर ठेवा, खालचं टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा आणि त्या टोकाखालचं अंतर मोजा. ५ सेंटीमीटर असेल तर विसाला एक, १० असेल तर दहाला एक, साडेबारा असेल तर आठाला एक. चढ वेडावाकडा असेल तर पाण्याच्या नळीने संपूर्ण लांबीवर मोजा, ते अधिक खरं येतं.

१२०० किलोची कॅरव्हान दहाला एक उतारावर सुमारे १२० किलोचा जोर लावते. आठाला एक असेल तर १५० च्या आसपास, सहाला एक असेल तर २०० च्या घरात. दोन धडधाकट माणसं सपाटीवर कॅरव्हान ढकलत नेतात, तीच माणसं दहाला एक उतारावर तिला अडवू शकत नाहीत, हे या आकड्यांवरून दिसतं. हाताने धरून ठेवू, हा बेत मनातूनही काढून टाका. नुसत्या कॅरव्हानला कारशिवाय उतारावर हाताने "जरा अॅडजस्ट" करणं हा तर अपघाताचा सर्वांत सोपा मार्ग.

माझं मत विचाराल तर आठाला एकपेक्षा जास्त उतारावर कॅरव्हान महिनोन्महिने ठेवू नये. एखाद्या पाहुण्याच्या मळ्यात, सपाट जागी, ठेवा. रोज डोळ्यांसमोर राहणार नाही एवढाच तोटा.

पाचर: खरी भिस्त हिच्यावर

कॅरव्हानबरोबर येणाऱ्या प्लास्टिकच्या पिवळ्या पाचरी युरोपातल्या सपाट कॅम्पिंग साइटवर ठीक असतील. दहाला एक कोब्यावर त्या चाकासकट घसरतात किंवा चाक त्यांच्यावर चढतं. दगडाचं आणखी वाईट. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या ट्रकने मागे सोडलेले दगड आपण सगळ्यांनी चुकवलेत. घाईत एका रात्रीसाठी दगड चालतो, तोही चपटा आणि कोनदार. गोल धोंडा चाकाबरोबर गडगडतो. वीट पिचते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर एका कोपऱ्यावर भार आला की फुटतो आणि फुटतो तेव्हा अचानक.

लाकूड घ्या. बाभळीचा जाड ओंडका वखारीतून आणून सुताराकडून तिरका कापून घेतला की दोन पाचरी निघतात. उंची चाकाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढी तरी हवी: साधारण ६०-६५ सेंटीमीटर चाकाला १५ सेंटीमीटरच्या वर. रुंदी टायरएवढी, कमी नाही. चाकाला भिडणारी बाजू थोडी खोलगट करून घेतली तर टायर बसतो. तळाला जुन्या टायरचा किंवा कन्व्हेयर बेल्टचा तुकडा स्क्रूने मारा, स्क्रूची डोकी रबरात बुडलेली. लाकडाला वॉर्निश नको. पावसात ते निसरडं होतं. जुनं इंजिन ऑइल लावायचा मोह होतो, वाळवी लागत नाही म्हणून. बाजूंना आणि वर लावा, तळाला आणि चाकाच्या बाजूला मुळीच नाही.

पाचरी दोन्ही चाकांना, हे पुन्हा सांगतो. एकाच चाकाला लावली तर कॅरव्हान त्या चाकाभोवती गिरकी घेते, कारण पुढचं जॉकी व्हील, म्हणजे दांड्याखालचं टेकूचं छोटं चाक, कुठल्याही दिशेला फिरायला मोकळं असतं. कॅरव्हान सरळ खाली न येता शेजाऱ्याच्या कंपाउंडवर तिरकी गेली, अशा बऱ्याच हकिगतींच्या मुळाशी हेच असतं. वरच्या बाजूलाही छोट्या पाचरी लावाव्यात. त्या भार घेत नाहीत, पण चाक मागेपुढे डुलत राहिलं की खालची पाचर थोडी थोडी सुटत जाते, ते थांबवतात. चार चाकांची, दोन अॅक्सलची कॅरव्हान असेल तर दोन चाकांच्या मध्ये बसणारा, स्क्रूने फाकवायचा लोखंडी अडसर मिळतो. तो चांगला, पण जोडीला. खालच्या पाचरीच्या बदल्यात नाही.

नव्या जागी पहिल्यांदा लावताना पाचरींची परीक्षा घ्या. कार जोडलेली, पाचरी खालच्या बाजूला भिडवलेल्या, कॅरव्हानचा हँडब्रेक सोडलेला. ड्रायव्हर कार न्यूट्रलमध्ये घेतो आणि पाय ब्रेकवरच ठेवून अगदी सावकाश सैल करतो. १७०० किलोची कार आणि १२०० किलोची कॅरव्हान दोन्हींचा भार मिळून, दहाला एक उतारावर, २९० किलोच्या आसपास जोर त्या दोन पाचरींवर येतो. एकटी कॅरव्हान त्याच्या निम्म्याहूनही कमी लावणार आहे. पाचर बोटभरही घसरली तर जागा बदला किंवा पाचर बदला. ही परीक्षा ओल्या कोब्यावर घ्या. वाटल्यास बादलीभर पाणी टाकून. उन्हात सगळंच टिकतं.

शेवाळ, मुरूम आणि गटारावरची फरशी

जून ते सप्टेंबर सातारकराच्या कोब्यावर शेवाळ धरतंच. शेवाळावर आवळलेलं चाक आवळलेल्या स्थितीतच घसरतं. हँडब्रेक उत्तम, पाचर उत्तम, आणि दोन्ही मिळून खाली. मे महिन्यात वायर ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडर टाकून चाकांचे पट्टे साफ करा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेच करा. नवीन कोबा घालणार असाल तर गवंड्याला थापी गुळगुळीत फिरवू देऊ नका; खराट्याने आडव्या रेघा मारून घ्या. शहाबादी फरशी उतारावर नकोच. पेव्हर ब्लॉकवर पकड बरी मिळते, पण पाचरीच्या जोराने कडेचे ब्लॉक हळूहळू खाली सरकतात, म्हणून खालच्या कडेला काँक्रीटची पट्टी हवी.

मुरमाच्या चढावर वेगळं दुखणं. चाकं पकड धरतात, पण पहिल्या जोरदार पावसात जॉकी व्हील रुतून बसतं, नाक खाली जातं, कॅरव्हानचा तोल बदलतो आणि पाचरीवरचा भार सुटतो. तिन्ही जागी, दोन्ही चाकं आणि जॉकी, जाड फळ्या किंवा काँक्रीटचे तुकडे आधीच बसवून घ्या.

आणि गटारावरची फरशी. ती स्कूटर-कारच्या क्षणभराच्या भारासाठी असते. तिच्यावर अॅक्सल किंवा जॉकी व्हील उभं करून महिनाभर ठेवू नका. जागा अपुरी म्हणून शेपूट गटाराच्या वर तरंगली तरी चालेल, भार तिथे नको.

जागा तुमचीच आणि कायमची असेल तर माझ्या मते सगळ्यांत चांगला पैसा खुंटांवर खर्च होतो. कोबा घालतानाच चाकांच्या खालच्या बाजूला जाड लोखंडी पाइपाचे तुकडे उभे गाडायचे, तोंड कोब्याच्या पातळीला, तळ पाणी निथळायला मोकळा. कॅरव्हान लावली की त्यात जाड सळईचे खुंट उभे करायचे आणि पाचरी त्या खुंटांना टेकवायच्या. पाचर घसरण्याचा प्रश्नच मिटतो, आणि खुंट काढले की कार जायला रस्ता मोकळा. काम वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं. याच्या जोडीला वरच्या अंगाला काँक्रीटमध्ये एक मजबूत कडी बसवून तिथून चेसिसपर्यंत साखळी घ्या. साखळी चेसिसच्या मुख्य बीमला किंवा अॅक्सलला; मागच्या बंपरला किंवा कपलरला नाही. ढील चार बोटांपेक्षा जास्त ठेवू नका. हातभर ढील दिली तर कॅरव्हान तेवढी वेग घेते आणि तो झटका कडी उपटायला पुरतो. कडी पातळ कोब्यात ठोकलेली नसावी. त्या जागी खड्डा घेऊन काँक्रीटचा ठोकळाच ओतावा. चोरीची भीती असेल तर याच साखळीला चांगलं कुलूप लावा, एका कामात दोन कामं.

जॉकी व्हील आणि कोपऱ्यांचे पाय

जॉकी व्हील हे नाक उचलायला आणि सपाटीवर फिरवायला आहे. उतारावर ते फक्त टेकू. त्याची नळी जितकी बाहेर काढाल तितकी ती कमजोर, म्हणून खाली लाकडी ठोकळा देऊन नळी आखूड ठेवा. नाक उताराकडे असेल तर हे फार जाणवतं: अॅक्सलपासून जॉकी तीन मीटरवर असेल आणि उतार दहाला एक, तर कॅरव्हान समतल करायला नाक ३० सेंटीमीटर उचलावं लागेल. नुसत्या ठेवणीसाठी समतल करायची गरजही नाही. आत गॅसवर चालणारा फ्रिज चालू करणार असाल किंवा झोपणार असाल तरच. उलट पावसाळ्यात किंचित कल असलेला बरा, छताच्या खिडकीभोवती पाणी साचत नाही.

शेपूट उताराकडे असेल तर एक वेगळीच गोष्ट घडू शकते. मागे पाण्याची टाकी भरलेली, मागच्या कपाटात सामान, आणि त्यात कॅरव्हान मागे कललेली: नाक हलकं होतं. कपलर सोडवला की दांडा वर उसळतो. म्हणून सोडवण्याआधी टाकी रिकामी, मागचं जड सामान बाहेर. तोपर्यंत आत कुणी चढायचं नाही, विशेषतः मागच्या बाजूला.

कोपऱ्यांचे चार पाय हे डुलणं थांबवायला असतात. त्यांनी कॅरव्हान उचलायची नसते आणि अडवायची तर नाहीच. पाय आधी टेकवले आणि मग कॅरव्हान हातभर सरकली, की ते वाकतात. वाकलेल्या पायांची तक्रार घेऊन आलेल्यांना मी पायांबद्दल काही विचारत नाही, हँडब्रेकचंच विचारतो. पाय सगळ्यांत शेवटी खाली, आणि निघताना सगळ्यांत आधी वर. उताराच्या बाजूच्या पायांखाली ठोकळे द्या.

वाऱ्याचंही थोडं. एप्रिल-मेमधला वळीव पावसाआधी वारा सोडतो, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. उंच, हलकी, सपाट बाजूंची पेटी आडव्या वाऱ्यात हलते, आणि प्रत्येक हेलकाव्याला पाचर थोडी सुटते. वादळ झाल्यावर पाचरी पायाने चाचपून, पुन्हा घट्ट करा. फडफडणारं कव्हर असेल तर जास्तच.

सांगलीकरांना यातलं बरंच अनावश्यक वाटेल. कृष्णाकाठच्या सपाट जमिनीवर उताराचा प्रश्न नाही, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी दाखवलं त्याप्रमाणे पाणी अंगणात येतं. कॅरव्हान पाण्यात तरंगायला लागते, आणि तिथे पाचर काही कामाची नाही. तिथे उंचावर हलवणं हाच उपाय.

कपलर सुटत नाही, किंवा धक्क्याने सुटतो

हा वेगळा त्रास वाटतो, पण मूळ तेच. उतारावर कॅरव्हान कारच्या बॉलला ओढत असते किंवा ढकलत असते. भार पाचरींवर गेलेला नसेल तर कपलर घट्ट आवळलेला राहतो. लोक हातोडी मारतात, लिव्हरवर उभे राहतात. त्याऐवजी कार बोटभर उताराकडे येऊ द्या. भार पाचरींवर गेला की कपलर हाताने उघडतो. उघडताना जोरात 'टक्' वाजलं आणि दांडा सरकला, तर ताबडतोब कपलरचा लिव्हर परत दाबून बसवा. त्याचा अर्थ तेवढाच: पाचरी अजून भार घेत नव्हत्या.

ब्रेकअवे केबल, म्हणजे कॅरव्हान सुटली तर ब्रेक ओढणारी बारीक तार, कारवरून शेवटी काढायची आणि जोडताना सगळ्यांत आधी लावायची. कपलर खात्रीने उघडून, दांडा जॉकीवर बसून, कॅरव्हान शांत उभी आहे हे दोन मिनिटं बघून मग.

निघताना याच्या उलट. आधी तार लावा, मग कार जोडा, कपलर बॉलवर बसला का ते जॉकीने दांडा किंचित उचलून बघा. पाचर चाकाखाली अडकली असेल तर लाथा मारू नका. कार चढाच्या दिशेने हातभर न्या, पाचर स्वतः मोकळी होते, मग दोरीने ओढून घ्या. दोन्ही पाचरींना दोरी बांधून ठेवली की निघताना रस्त्यावर विसरतही नाहीत.

पावसाळ्यानंतर चाक फिरतच नाही

सपाट जागी महिनोन्महिने ठेवायची असेल तर हँडब्रेक सोडून नुसत्या पाचरींवर ठेवतात, कारण दमट हवेत शू गंजून ड्रमला चिकटतात. उतारावर ती चैन नाही. हँडब्रेक ओढलेलाच राहणार, आणि आपला पाऊस बघता शू चिकटणार. यावर दर तीन-चार आठवड्यांनी कार जोडून, खालच्या पाचरी जागच्या जागी ठेवून, हँडब्रेक सोडायचा आणि कॅरव्हान चढाच्या दिशेने हातभर हलवून परत आणायची. 

तरीही चिकटलेच, तर कारने झटके देऊ नका; लायनर शूपासून सुटून येतं. कार जोडा, हँडब्रेक सोडा, पाचरी तशाच. ड्रमच्या बाहेरच्या कडेला रबरी किंवा लाकडी हातोडीने चारी बाजूंनी ठोका, आणि कार चढाच्या दिशेने अगदी हळू ताणा. बहुतेक वेळा 'कट्' असा आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर चाक खोलावं लागेल, आणि ते काम उतारावर जॅक लावून करायचं नाही. मेकॅनिकला घरी बोलावलंत तरी आधी साखळी ओढून घट्ट करा, पाचरी तपासा, कार जोडलेलीच राहू द्या, आणि जॅक लावायच्या चाकाच्या विरुद्ध बाजूला दोन्हीकडून पाचर घाला. अॅक्सलखाली जॅकबरोबर स्टँडही हवा. "दोन मिनिटांचं काम आहे साहेब, स्टँड कशाला" म्हणणारा मेकॅनिक असेल तर दुसरा शोधा.